कानावरची खूण

होल्ट, २६ जून १९४९

हेडीताई,

पोचले. जिवंत आहे. यापलीकडे चांगली बातमी नाही.

तू म्हणालीस, सगळं लिही, काही लपवू नकोस. मग ऐक. आइसलँडच्या पार उत्तरेला, समुद्र आणि डोंगराच्या बेचक्यात हे एकच घर. त्याचं नाव होल्ट. घरात दोन माणसं. म्हातारी साल्वर, आणि तिचा मुलगा बर्गुर, वय पस्तीस, बोलणं दिवसाला पाच-सहा शब्द. बाकी सगळ्या मेंढ्या. मेंढ्या जास्त बोलतात.

पहिल्या दिवशी मला मासा मिळाला. शिजवलेला नाही, वाळवलेला, लाकडासारखा. बर्गुरनं तो दगडावर ठेवून हातोडीनं बडवला. मला वाटलं, बुटाचा तळवा दुरुस्त करतोय. मग त्यानं त्याला लोणी फासलं आणि चावायला लागला. मागच्या खोलीत आंबट निवळीची पिंपं आहेत, त्यांत वर्षभर मांस मुरत घालतात. झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. आत काय आहे म्हणून मी पळीनं ढवळून पाहिलं, तर नर मेंढ्याला जे असतं आणि मेंढीला नसतं, ते तरंगत वर आलं. म्हातारीनं एक उचलून कापलं आणि माझ्यापुढे धरलं. मी बाहेर जाऊन ओकले. म्हातारी तपकीर ओढते. तपकिरीचा थेंब तिच्या नाकाच्या शेंड्याला लोंबत असतो, नेमका पातेल्यावर. मी दिवसभर काम करते आणि एक डोळा त्या थेंबावर ठेवते.

गेझा विचारते का? ठरल्याप्रमाणेच सांग, आई लांब कामाला गेलीय, दोन उन्हाळे झाले की तुला न्यायला येईल. कामाच्या अर्जात 'मुले आहेत काय' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं ते तुझ्यासमोरच. पोर असलेल्या बाईला त्यांनी घेतलंच नसतं. तूच म्हणालीस, लिहून टाक, दोन अक्षरं तर आहेत. ती दोन अक्षरं बोटीत मला लागली, समुद्र नाही लागला. तिचा फोटो उशीच्या आत, पिसांमध्ये खुपसून ठेवलाय. इथं कुणाला माहीत नाही.

निर्वासितांच्या छावणीतलं सूप अजून तितकंच पातळ आहे का? तिला वरचं देऊ नकोस, तळाचं मागून घे.

वाल्ट्राउड


होल्ट, १४ ऑक्टोबर १९४९

हेडीताई,

माझ्या हातून एक भयंकर चूक झालीय. हसू नकोस.

मेंढ्या कापायचा हंगाम चालू आहे. आठवडाभर कोपरापर्यंत रक्त. माझं शिवणकाम, ज्याच्यासाठी ल्युबेकच्या बायका रांग लावायच्या, ते इथं मेंढीची पोटं शिवण्यात जातंय. ओली, बुळबुळीत पोटं. त्यांत रक्त, पीठ आणि चरबी कालवून भरायची, तोंड शिवायचं आणि उकळायची. म्हातारीनं माझे टाके उजेडाकडे धरून पाहिले आणि स्वतःच्या वाट्याच्या पिशव्याही माझ्याकडे ढकलल्या. इथं कौतुक करायची ही पद्धत.

चौथ्या दिवशी अंगणात मुंडक्यांचा ढीग झाला. चाळीस मुंडकी, डोळे उघडे, जिभा बाहेर. मायलेक होडीनं पलीकडच्या किनाऱ्याला गेले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांचं टाकायचं राहिलंय, निदान एवढं तरी आपण नीटनेटकं करू. नाकाला फडकं बांधलं, खड्डा खणला आणि सगळी मुंडकी पुरली. वर माती दाबून अंगण झाडून काढलं. कधी नव्हे ते ते घर माणसाचं वाटलं.

म्हातारी आली, रिकामं अंगण बघितलं आणि उंबऱ्यावर बसलीच. मुंडकी म्हणजे यांचं हिवाळ्याचं जेवण! करायला गेले एक. बर्गुरनं एक फावडं स्वतः घेतलं, एक माझ्या हातात दिलं. दोघांनी मिळून सगळं परत उकरलं, एकेक मुंडकं ओढ्यात धुतलं. एकोणचाळीस सापडली. चाळिसावं शोधताना तो पहिल्यांदा हसला. त्याचे दात किडलेले असतील अशी माझी खात्री होती. तसे बरे आहेत.

मग त्या मुंडक्यांची लोकर जाळली. जळक्या केसांचा वास युद्धापासून तुला आणि मला दोघींना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. जेवताना म्हातारीनं सुरीच्या टोकानं एक डोळा काढला आणि माझ्या ताटलीत ठेवला. सगळ्यात चविष्ट असतो म्हणे, घरात नव्या आलेल्याचा मान. मी तो गुपचूप एप्रनच्या खिशात टाकला आणि सकाळी कुत्र्याला दिला. ही माणसं नाहीत ताई, काय आहेत मला माहीत नाही.

गेझाला माझ्याकडून पापा.

वाल्ट्राउड


होल्ट, ३ मे १९५०

हेडीताई,

हिवाळा संपला. चार महिने तेच, आंबट मांस, आंबट दही, आंबट तोंडं. भिंती मातीच्या, त्या पाझरतात, अंथरुणाला बुरशी येते. मांस कशाच्या धुरात धरतात माहितेय? वाळलेल्या लेंड्यांच्या. नाताळच्या जेवणाचा वास आधी गोठ्यात येतो, मग ताटात. शार्क मासा जमिनीत पुरून कुजवतात, मग टांगून ठेवतात, आणि खाताना मुतारीत उभं राहून जेवल्यासारखं वाटतं. म्हातारीच्या नाकाचा थेंब फेब्रुवारीत एकदा खरंच पातेल्यात पडला. तिनं पळी फिरवली आणि वाढलं.

तुझं पत्र मिळालं. छावणी सुटून तुम्हाला खोली मिळाली, वाचून बरं वाटलं. गेझाला खोकला झाला होता आणि तू सात दिवस कामावर गेली नाहीस, तेही वाचलं. मी तुझे उपकार विसरणार नाही.

एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी माझं बर्गुरशी लग्न झालं. ओरडू नकोस. करार संपला की मला परत जावं लागणार, आणि परत जाऊन मी गेझाला काय खायला घालू? इथली सून झाले तर तिला इथं आणता येईल. एवढाच हिशेब केला. माणूस वाईट नाही. अंगाला मेंढीच्या तेलाचा वास येतो.

लग्नात म्हातारीनं मला एक मेंढी दिली. मेंढीपेक्षा जास्त कौतुक तिच्या कानाचं झालं. इथं प्रत्येक माणसाची मेंढीच्या कानावर कापायची खूण वेगळी असते. कुणाची उजव्या कानाचं टोक छाटलेलं, कुणाची डाव्याला मागून चोचीसारखी खाच काढलेली. उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र हिंडतात. शरद ऋतूत खाली आणल्या की कान चाचपून ज्याच्या त्याला देतात. या खुणांचं छापील पुस्तक आहे, बायबलशेजारी ठेवतात आणि बायबलपेक्षा जास्त उघडतात. त्यात आता माझं नाव येणार. ओल्या रक्ताच्या कानावर माझं नाव! तू आणि मी फ्रेंच शिकलो होतो गं शाळेत.

बर्गुरला गेझाचं अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

वाल्ट्राउड


होल्ट, १९ नोव्हेंबर १९५०

हेडविग,

फोटो मिळाला. माझी पोर केवढी झाली. फोटोच्या मागे तिच्या हातची अक्षरं, तू हात धरून गिरवून घेतलेली: "वाल्ट्राउड मावशीला, गेझाकडून."

मावशी. तू मला विचारलंस तरी का? तू पत्रात लिहितेस, शाळेत नाव घालताना प्रश्न नकोत, शिवाय ती आपणहूनच तुला आई म्हणायला लागली. आपणहून! पाच वर्षांची पोर काय आपणहून करते ते मला सांगू नकोस. मला शार्कचीही इतकी किळस आली नव्हती.

आता इथलं ऐक. गेल्या महिन्यात म्हातारीनं पिसं उन्हात घालायला उशा उसवल्या. जुना फोटो निघाला. मी ओढ्यावरून आले तर तो स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि म्हातारी खाली बसून लोकर विंचरतेय. बर्गुर आला, त्यानं बघितलं. मी म्हटलं, माझी आहे. तो म्हणाला, "दिसतंय." कॉफी प्यायला आणि डोंगरावर निघून गेला.

दोन दिवस आला नाही. मी सामान बांधून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी आला, बूट काढले आणि विचारलं, तिला लोकर टोचते का. म्हातारीनं अंगरखा विणायला घेतला होता आणि अस्तर लावायचं की नाही ते ठरत नव्हतं.

तेव्हा अंगरख्याची वाट बघू नकोस, तो पोरगी इथं आल्यावरच मिळेल. बर्गुरनं सगळे कागद भरलेत. वसंतातल्या पहिल्या बोटीनं तिला पाठव.

वाल्ट्राउड


होल्ट, २१ मे १९५१

हेडविग,

तुझं पत्र आणि त्यासोबतची सरकारी निर्णयाची नक्कल, दोन्ही मिळाली.

बिनलग्नाच्या बाईच्या पोरीचे पालक सरकारी कचेरीतले साहेब, हे मला माहीत होतं. पण त्या साहेबांपुढे तू माझी पत्रं नेऊन ठेवशील, हे नव्हतं माहीत. एकूण एक पत्रं! काय सुरेख लिहिलंय त्यांनी: "सदर माता स्वतःच कळवते की घराच्या भिंती पाझरतात, अंथरुणास बुरशी येते, मांस लेंड्यांच्या धुरात धरले जाते, व घरातील मंडळी 'माणसं नाहीत'. सबब बालिकेस तेथे पाठवणे हिताचे नाही." खाली शिक्का.

माझीच अक्षरं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला तुझी चीड येते हेडविग, पण तुझ्यापेक्षा माझी शिसारी येते. बसून बसून, शब्द निवडून निवडून, मीच माझ्या पोरीच्या वाटेत भिंत रचली. माझी पत्रं वाचताना तू आणि गेझा हसत होतात का गं? की तू पहिल्यापासूनच जपून ठेवत होतीस?

मेंढ्या वीत आहेत, मला रडायला फुरसत नाही. ते पत्र आलं त्या दुपारी मी गोठ्यात गुडघ्यावर बसून एका कोकराला ओढून काढत होते, हात कोपरापर्यंत आत. म्हातारी दारात उभी. बर्गुरनं तिला पत्राचं सांगितलं होतं. कोकरू निघालं, मादी, चांगलं थोराड. म्हातारीनं कमरेची सुरी काढली, कोकराचं डोकं काखेत दाबलं. कान तीन-चार दिवसांनी कापतात, हिनं तिथंच कापले. उजव्याचं टोक सरळ उडवलं, डाव्याला पुढून दोन खाचा पाडल्या. ही खूण ना तिची, ना बर्गुरची, ना माझी. मी विचारलं, हे कुणाचं?

"पोरीचं," ती म्हणाली.

बर्गुरला एक बहीण होती, सहाव्या वर्षी गेली. ही तिची खूण. पंचवीस वर्षं पुस्तकात नुसती छापली जात होती, या खुणेचं एकही जनावर नव्हतं. एवढं सांगून म्हातारीनं सुरीचं रक्त चाटून पुसलं आणि कानाचे तुकडे माझ्या एप्रनच्या खिशात टाकले. मी तिथंच, त्या घाणीत, बसून राहिले.

तू त्या साहेबांना हेही दाखव. रक्त चाटलं ते खाली रेघ मारून दाखव.

वाल्ट्राउड


होल्ट, २३ सप्टेंबर १९५१

ताई,

साहेबांनी कळवलंय की आईला आणखी काही म्हणायचं असेल तर लेखी द्यावं. मी एक पत्र लिहिलं. हवेशीर घर, ताजं दूध, सुसंस्कृत कुटुंब. चार पानं. खरं असल्याची सही देतील म्हणून गावच्या पाद्रीबाबांकडे निघाले होते. म्हातारी म्हणाली, काय लिहिलंयस ते आमच्या भाषेत वाच. वाचलं. तिनं तपकीर ओढली आणि म्हणाली, "एकदा 'नाही' लिहिलंस, त्याचं काय झालं बघितलंस. हे पण तसलंच आहे."

मी पत्र चुलीत घातलं. आता हे लिहितेय. तुला लिहितेय, पण साहेबांना वाचून दाखव, वगळू नकोस.

आधीच्या पत्रांतलं सगळं खरं आहे. भिंती पाझरतात, पिंपं घाण मारतात, म्हातारीच्या नाकाचा थेंब आजही आहे. एक गोष्ट खोटी. तो डोळा मी खिशात घातला नव्हता. खाल्ला. चांगला लागला. दुसराही मागून घेतला.

हे तुला का नाही लिहिलं, ते सांगते. तू छावणीत माझ्या पोरीचा हात धरून सुपाच्या रांगेत उभी होतीस. तुला मी काय लिहू, की मी पोटभर मांस खाते? की कुणी मला उठ म्हणत नाही, निर्वासित म्हणत नाही? की मुंडकी उकरताना मी इतकी हसले की माझ्या पोटात दुखलं, आणि त्या पूर्ण दिवसात मला गेझाची आठवण झाली नाही? पोरीला टाकून आलेल्या बाईला सुख लागतंय, हे लिहायला माझा हात धजेना. म्हणून जे जे घाण वाटलं ते ते तुला पाठवलं आणि बरं वाटलं ते ते इथंच खाऊन टाकलं. मला वाटलं, किळस लिहिली की आपण फार सुखात नाही एवढं तरी तुला कळेल. तुझ्या तोंडाला चव येईल. तुझ्यावर उपकार करत होते मी, मूर्ख.

काल मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. दगडी मेंढवाड्यात चार गावची माणसं, चार हजार मेंढ्या, लोकरीच्या वाफेनं जीव गुदमरतो. पाय घोट्यापर्यंत लेंड्यांत. अनोळखी कान हाताला लागला की माणसं खूण ओरडून विचारतात. पलीकडून कुणीतरी ओरडलं, उजवा टोकाला, डाव्याला पुढून दोन खाचा, कुणाची? इतक्या वर्षांत ती खूण कुणी ऐकलीच नव्हती. मी चिखलातून धावत गेले, पडले, उठले आणि म्हटलं, "आमच्या गेझाची."

पुस्तकात काढून बघितलं कुणीतरी. यंदाच्या पुरवणीत नाव आहे, गेझा, होल्ट. बर्गुरनं मला न सांगता कळवलं होतं.

ताई, तू तिला वाढवलंस. खोकल्यात सात दिवस उशाशी बसलीस. तुझा नवरा युद्धातून आला नाही, तुला तिच्यावाचून कुणी नाही, हे मला कळतं. मे महिन्यात बर्गुरला घरी मेंढ्यांपाशी ठेवून मी एकटी येतेय. साहेब नाही म्हणाले तर हात हलवत परत जाईन. पण येणार.

तुझी वाल्ट्राउड


होल्ट, ८ जून १९५२

ताई,

पोचलो. दोघी जिवंत.

बंदरावर तू आली नाहीस, ते बरंच केलंस. साहेबांनी मला सांगितलं की शेवटी त्यांनी निर्णय तुझ्यावर सोडला होता आणि तू 'पाठवा' म्हणालीस. तू मला हे सांगितलं नाहीस. गेझाची ट्रंक भरताना तू तिचे पायमोजे चार वेळा घडी घातलेस, तेवढं मी बघितलं.

इथलं काय सांगू. ती काहीच खात नाही. नाक चिमटीत धरून घरभर फिरते. म्हातारीकडे बोट दाखवून, तो थेंब बघ, असं जर्मनमध्ये मोठ्यानं म्हणाली. म्हातारीनं मला विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा बाहीनं नाक पुसलं. बर्गुरनं तिला तिची मेंढी दाखवली. यंदा त्या मेंढीला पिल्लू झालंय. गेझा मेंढीच्या कापलेल्या कानाला बोट लावून म्हणाली, शी, दुखलं असेल. मग पिल्लाचे कान धडधाकट आहेत ना ते तिनं दोनदा तपासलं आणि बर्गुरला बजावलं की याला सुरी लावायची नाही. तो हो म्हणाला. आता ते जनावर सगळ्या डोंगरात बिनखुणेचं एकटं फिरणार आणि शरदात आम्हाला चार गावं हसणार.

मला ती वाल्ट्राउड मावशी म्हणते. मी काही दुरुस्त केलेलं नाही. काल अंगरखा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, टोचतो म्हणाली, आणि एक कोरा कागद मागितला. मावशी, मला माझ्या आईला लिहायचंय, इथं सगळं किती घाण आहे ते.

दिला. टेबलाशी बसून जीभ बाहेर काढून लिहितेय. मधूनच मला विचारते, 'मुतारी' कसं लिहायचं, 'लेंड्या' कसं लिहायचं. मी सांगते. अंगरखा टोचतो म्हणाली, पण अजून काढलेला नाही, आणि दूध तीन पेले झाले. ते ती लिहिणार नाही.

तिचं पत्र सोबत जोडते. मी वाचलेलं नाही, तुझं आहे. सगळं खरं मान ताई, पण माझी पत्रं वाचलीस तसं वाचू नकोस.

तुझी, आणि तूर्त तिची मावशी,
वाल्ट्राउड